डिझेलची तडीपारी

दिवाळी उलटली की दिल्लीच्या धुरक्याचे फोटो फिरायला लागतात आणि त्यामागोमाग ठरलेला वाद सुरू होतो. डिझेल गाड्या शहरातून हद्दपार करा, असं एक गट म्हणतो. दुसरा गट म्हणतो, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. मुंबईबद्दलही आता हेच बोललं जातंय. या वादात आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांचं नाव कुठेच येत नाही. खरं तर आम्ही या गोष्टीत पहिल्यापासून आहोत. म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. पोलिसांच्या तडीपारीच्या आदेशाची बातमी महिन्या-दोन महिन्यांत एकदा असतेच. एखाद्याला दोन जिल्ह्यांतून तडीपार केलं की तो माणूस संपत नाही, तिसऱ्या जिल्ह्यात खोली करून राहतो. आपल्या देशातल्या डिझेलबंदीचा इतिहास वाचताना मला सारखी ती तडीपारी आठवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये तेच चालेल. डिझेलचा धूर वाईटच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जून २०१२मध्ये डिझेलच्या धुराला 'माणसाला कर्करोग करणारा' या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, तोच हा गट. तेव्हा धूर चांगला की वाईट, हा वाद मला घालायचाच नाही. धूर कुठून हटवला आणि कुठे नेऊन सोडला, एवढंच मला बघायचंय.

सुरुवात १९८५ची. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी दिल्लीतल्या वाहनांच्या धुराविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली. ही याचिका इतकी वर्षं चालली की तिच्यात नवनवे अर्ज होत गेले आणि दिल्लीच्या हवेचं जवळपास सगळं धोरण तिच्यातूनच ठरलं. हरीश साळवे, म्हणजे आपल्या नागपूरचे, या प्रकरणात बरीच वर्षं कोर्टाचे सहायक वकील होते. जानेवारी १९९८मध्ये केंद्राने भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमलं. त्यांच्या शिफारशींवरून २८ जुलै १९९८ला कोर्टाने तो गाजलेला आदेश दिला. दिल्लीतल्या सगळ्या बस ३१ मार्च २००१पर्यंत सीएनजीवर आणा, बसची संख्या दहा हजार करा, जुन्या रिक्षा-टॅक्सी बदला.

मुदत होती पावणेतीन वर्षांची. सरकारने काय केलं? जवळजवळ काही नाही. फायली फिरल्या. केंद्र म्हणे दिल्ली सरकारचं काम, दिल्ली सरकार म्हणे गॅस केंद्राने द्यायचा. बसवाल्यांना वाटलं, मुदतवाढ मिळेलच, आपल्याकडे कधी मिळत नाही? एप्रिल २००१ उजाडला तेव्हा गरजेच्या मानाने सीएनजी बस अगदी थोड्या होत्या. लोक थांब्यांवर तासन् तास उभे राहिले, शाळेच्या मुलांचे हाल झाले, रस्त्यावर राडा झाला. ज्यांनी सीएनजी गाड्यांची ऑर्डर दिली होती त्यांना मुदतवाढ मिळाली, मग परत मिळाली. गॅसच्या पंपांवर रिक्षावाले रात्र रात्र रांगेत झोपायचे. एक लक्षात ठेवा, हे हाल ज्यांचे झाले ते बसने जाणारे आणि रिक्षा चालवणारे लोक होते. स्वतःची मोटार असणाऱ्याला त्या आठवड्यात फार तर रस्ता मोकळा मिळाला असेल.

याच गोंधळात आपल्या ओळखीचं आणखी एक नाव आलं, डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक. केंद्राने सप्टेंबर २००१मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली. समितीचं म्हणणं थोडक्यात असं, की सरकारने धुराची मर्यादा ठरवून द्यावी, ती कोणत्या इंधनाने पाळायची हे ज्याचं त्याने ठरवावं. सीएनजीच वापरा अशी सक्ती नको.

तत्त्व म्हणून यात चूक नव्हती, हे मला आजही वाटतं. पण कोर्टाला त्यात वेळकाढूपणा दिसला, आणि त्या वेळचं डिझेल बघता कोर्टालाही दोष देववत नाही. ५ एप्रिल २००२ला न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने हा युक्तिवाद फेटाळला. माणसाच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमाचा आधार घेतला. डिझेल बसला दिवसाला ५०० रुपये दंड, तीस दिवसांनंतर १००० रुपये, आणि १ मेपासून दर महिन्याला ८०० डिझेल बस रस्त्यावरून काढा, असा हिशेबच घालून दिला. २००२ संपता संपता दिल्लीच्या शहर बससेवेतून डिझेल गेलं. त्याआधी दिल्लीला गेलेले आणि त्यानंतर गेलेले लोक सांगतात, बसमागचा तो काळा भपकारा खरंच गेला होता. हे यश आहे. ते नाकारणं खोटेपणा होईल.

मुंबईतही त्याच सुमाराला असंच चाललं होतं. धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या एका मंचाने हायकोर्टात याचिका केली होती, त्यातून १९९९च्या अखेरीस व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि मग जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीकडे गेल्या.

दिल्लीच्या बसचं श्रेय घेऊन होईपर्यंत दुसऱ्या दाराने डिझेल परत आत येत होतं, या वेळी घरच्या मोटारीतून. आणि त्या मोटारी बऱ्याचशा आपल्याच महाराष्ट्रात तयार होत होत्या. डिसेंबर १९९८मध्ये पिंपरी-चिंचवडची इंडिका आली. डिझेलवर चालणारी, घरच्या माणसाला परवडणारी छोटी गाडी. आठवड्याभरात लाखावर बुकिंग झालं. २०००मध्ये बोलेरो, २००२मध्ये नाशिकची स्कॉर्पिओ. आमच्याकडे सरपंचापासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांनी याच गाड्या घेतल्या, आणि मी स्वतः निवडणुकांचं वार्तांकन इतरांच्या बोलेरोत मागे बसूनच केलंय. गाडी दणकट होती, प्रश्न गाडीचा नव्हताच.

प्रश्न डिझेलच्या भावाचा होता. डिझेल स्वस्त ठेवायचं ते शेतकऱ्याच्या पंपासाठी, ट्रॅक्टरसाठी, मालट्रकसाठी, एसटीसाठी. ते भाव वाढले की भाजीपासून सगळंच वाढतं, म्हणून कुठल्याही पक्षाचं सरकार त्याला हात लावायला धजायचं नाही. पण पंपावर ट्रॅक्टरचं डिझेल वेगळं आणि दहा-पंधरा लाखांच्या गाडीचं वेगळं, असं काही नसतं. मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! कोण शहाणा माणूस पेट्रोलची गाडी घेईल? २०१२-१३मध्ये देशात विकल्या गेलेल्या कार-जीप-एसयूव्ही धरल्या तर निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलत शहरातल्या बंगल्यांपुढच्या गाड्या पीत होत्या.

आणि हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. फेब्रुवारी २०१०मध्ये किरीट पारीख समितीने सांगितलं होतं, की डिझेल मोटारीवर ८० हजार रुपये जादा उत्पादन शुल्क लावा, म्हणजे स्वस्त डिझेलचा फायदा वसूल होईल. लावलं नाही. २०१३च्या जानेवारीपासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांनी वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४मध्ये भाव मोकळा केला. तोवर लाखो डिझेल गाड्या विकल्या गेल्या होत्या, आणि गाडी काही भाव बदलला म्हणून विरघळत नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं ती धूर सोडणारच.

आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्यावर कुणी बोलत नाही. डिझेलसुद्धा सगळीकडे एकसारखं नव्हतं. माशेलकर समितीनंतर जे इंधन धोरण ठरलं त्यात मोठ्या शहरांना चांगलं इंधन आधी आणि बाकी देशाला नंतर, अशी रचना होती. एप्रिल २०१०मध्ये तेरा शहरांत बीएस-४ आलं. दिल्ली, मुंबई, पुणे ही नावं त्यात असणारच, पण सोलापूरचंही होतं. बाकी सगळा देश बीएस-३वर. बीएस-४ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त ५०, तर बीएस-३मध्ये ३५०. म्हणजे सातपट. सोलापूर शहराच्या पंपावर एक डिझेल आणि जिल्ह्यातल्या आमच्या पंपावर दुसरं. गाड्यांचंही तसंच, शहराबाहेर नोंदणी असेल तर बीएस-३ गाडी चालायची. देशभर सगळीकडे बीएस-४ व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. सात वर्षं आमच्या फुप्फुसांचा दर्जा सरकारी कागदावर वेगळा होता. याची बातमी मी तेव्हा कुठे वाचल्याचं आठवत नाही. पानभर जाहिरात मात्र असायची गाड्यांची.

कोणी म्हणेल, तेलशुद्धीकरण कारखान्यांना बदल करायला वेळ आणि पैसा लागतो, सगळीकडे एकदम देता येत नाही. बरोबर आहे. पण मग टप्पा कोणाचा आधी, हे ठरवताना कोण बसलेलं असतं तेही बघा.

आता दिल्लीत परत जाऊ. २०१४-१५पर्यंत दिल्लीची हवा पुन्हा बिघडली होती. २६ नोव्हेंबर २०१४ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना मनाई केली आणि ७ एप्रिल २०१५ला दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना. १६ डिसेंबर २०१५ला सुप्रीम कोर्टाने दोन हजार सीसी आणि त्यावरच्या नव्या डिझेल गाड्यांची नोंदणी तिथे थांबवली. कारण उघड होतं, मोठ्या गाड्या पैसेवाले घेतात, त्यांना थोडी झळ बसू दे. मग काय झालं? महिनाभरात महिंद्राने १.९९ लिटरचं इंजिन आणलं! नियम दोन हजारचा, इंजिन दोन हजाराच्या खाली. यात बेकायदा काही नाही, कौतुकच करायचं तर इंजिनिअरांचं करा. पण बंदी सीसीवर घातली की धूर सीसीत मोजला जातो, हे त्यातून कळतं. ऑगस्ट २०१६मध्ये ती बंदीही उठली. गाडीच्या किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्क भरा आणि घ्या.

त्याच वर्षी डिझेल टॅक्सीवाल्यांचं काय झालं ते शेजारी ठेवून बघा. सीएनजीवर या, मुदत ३० एप्रिल २०१६. मे उजाडला तसे ते रस्त्यावर उतरले, वाहतूक अडवली, तेव्हा कुठे ऑल इंडिया परमिटवाल्यांना परमिट संपेपर्यंत चालवायची सवलत मिळाली. मोठी गाडी घेणाऱ्याला एक टक्क्यात वाट मिळाली, टॅक्सीवाल्याला रस्ता अडवावा लागला. सम-विषम वगैरे प्रयोगही याच काळातले. असो, त्यावर पुष्कळ लिहून झालंय.

आता तडीपारीकडे येतो. जुलै २०१६मध्ये हरित न्यायाधिकरणासमोर प्रश्न आला, की दहा वर्षांवरच्या या डिझेल गाड्यांचं करायचं काय? नोंदणी रद्द करा, हे ठरलं. पंधरा वर्षांवरच्या भंगारात. पण त्याहून नव्या गाड्यांना 'ना हरकत' द्यायचं, म्हणजे आपल्या भाषेत एनओसी, आणि त्या दिल्ली परिसराबाहेर जाऊ द्यायच्या. कुठे? तर जिथे वाहनांची दाटी कमी आहे आणि हवा मोकळी वाहते, अशा भागांत. ते भाग राज्यांनी ठरवायचे.

वाहनांची दाटी कमी आणि हवा मोकळी. हे वर्णन कुणाचं, ते तुम्हीच सांगा.

आमच्या बायपासवर जुन्या गाड्यांची सहा-सात दुकानं आहेत. पूर्वी तिथे पुणे-मुंबईच्या गाड्या असायच्या. गेल्या काही वर्षांत डीएल आणि एचआर नंबरच्या गाड्या सर्रास दिसतात. 'दिल्ली गाडी आहे, एनओसी आलेली आहे, एमएच पासिंग करून देतो' ही तिथली ठरलेली भाषा. तिथे दहा वर्षांनी गाडीचं आयुष्य संपतं, इथे नोंदणी पंधरा वर्षांची आणि पुढे फिटनेस दाखवून, हरित कर भरून वाढवता येते. तिथे शून्य झालेली गाडी इथे पाच वर्षांची तरी शिल्लक निघते. दिल्लीतल्या मालकाला नाइलाजाने पडेल त्या भावाला विकावी लागते, मधल्या मध्ये दलाल कमावतो, आणि इथल्या माणसाला नव्या मोटरसायकलींच्या दोन-तीन पट पैशांत एसी असलेली चारचाकी मिळते.

मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही. माझ्या ओळखीच्या एका दूधवाल्याने अशीच गाडी घेतली. त्याच्या वस्तीवर रात्री कुणी आजारी पडलं तर तीच गाडी सोलापूरला धावते. एसटीची शेवटची बस साडेसातला जाते, त्यानंतर काय करायचं? त्याला जाऊन 'दादा, ही गाडी दिल्लीत विषारी ठरली होती' असं सांगायचं माझं तोंड होणार नाही. पण ती गाडी इथे आल्यावर तिच्या धुरातलं विष कमी झालं, असंही कुणी सांगू नये. शाळेच्या गेटसमोर इंजिन चालू ठेवून ती उभी असते तेव्हा मागे उभी असलेली मुलंही मुलंच असतात.

आणि मोकळ्या हवेचं म्हणाल तर, केंद्राने २०१९मध्ये हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे, लातूर आहे, जालना आहे, अकोला आहे, सांगली आहे. तिथे निदान हवा मोजतात तरी. आमच्या गावात हवा मोजायचं एकही यंत्र नाही. म्हणजे गाडी इथे आली की तिचा धूर हिशेबातून जातो. दिल्लीच्या तक्त्यात आकडा कमी दिसतो आणि आमच्या तक्त्यात वाढत नाही, कारण आमचा तक्ताच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जर्मनीत फेब्रुवारी २०१८मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने शहरांना डिझेलबंदी करायची मुभा दिली, हॅम्बुर्गने त्याच वर्षी दोन रस्त्यांवर आणि स्टुटगार्टने २०१९पासून शहरभर जुन्या डिझेल गाड्या अडवल्या. आणि जर्मनीतल्या जुन्या डिझेल गाड्या तर पूर्व युरोपात आधीपासूनच जात होत्या. स्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज आणि बॉशचं गाव बरं का. ज्या गावाने डिझेल गाडी जगाला विकली, त्याच गावाने आपल्या हद्दीत ती नको म्हटलं.

गेल्या वर्षी दिल्लीत काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. १ जुलै २०२५पासून आयुष्य संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही, नंबर ओळखणारे कॅमेरे बसवले, अशा गाड्यांचा आकडा सुमारे ६२ लाख सांगितला गेला, आणि दोन-तीन दिवसांत ओरड झाल्यावर दिल्ली सरकारनेच थांबा म्हणून पत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने केवळ वय झालं म्हणून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं. डिसेंबरमध्ये त्यात बदल केला, संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्यांना. म्हणजे बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांवर पुन्हा टांगती तलवार. त्या गाड्यांचे फोटो आमच्या बायपासवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ लागलेत, हे मी तुम्हाला आजचं सांगतोय.

माझं म्हणणं एवढंच, की गाडी धुरामुळे बाद केली असेल तर ती दुसऱ्या गावाला देऊ नका, भंगारात काढा. त्यासाठी २०२१चं भंगार धोरण आहेच, पण मालकाला दलालापेक्षा तिथे जास्त पैसे मिळाले तरच तो तिथे जाईल. दिल्ली-मुंबईत पर्यावरण शुल्क जमतं, ते यासाठी वापरता येईल. आणि ज्या तालुक्यांत शेवटची बस साडेसातला जाते तिथे नववी आणि दहावी बस द्या, मग बघू किती लोक दिल्लीची जुनी गाडी घेतात.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई हायकोर्टाच्या आदेशावरून राज्य सरकारने एक समिती नेमली. मुंबई महानगर क्षेत्रातून पेट्रोल-डिझेल गाड्या हटवून फक्त सीएनजी आणि विजेवरच्या ठेवता येतील का, हे तिने बघायचंय. मुंबईचे पत्रकार मित्र त्या समितीचा पाठपुरावा करतीलच. त्यांना माझी एक विनंती आहे, की मुंबईतून कोणत्या गाड्या निघणार हे छापताना त्या कुठे जाणार हेही विचारा, आणि त्यांच्या एनओसीवर कोणत्या जिल्ह्यांची नावं पडणार ते सांगा. इकडचं आरटीओतलं रजिस्टर मी बघतो.